दोन्ही ग्रूप

मी दहावीला शाळेत पहिली आले, त्यात माझ्या हुशारीपेक्षा गोवराचा वाटा मोठा होता. दरवर्षी पहिली येणारी निर्मला ऐन परीक्षेत अंगभर पुरळ घेऊन घरी पडून राहिली, आणि वर्षानुवर्षं दुसऱ्या नंबरावर मुक्काम ठोकून बसलेली मी आपोआप वर सरकले. हे मला आज दिसतं. १९७८ सालच्या जूनमध्ये असलं काही दिसत नव्हतं. तेव्हा माझी पक्की समजूत होती, की देवाने नसली तरी निसर्गाने नाशकात जी काही अक्कल वाटायला काढली होती, ती वाटत वाटत आमच्या दारात येऊन संपली.

आमचं घर द्वारकेच्या चौकापासून थोडं आत, बौद्धांच्या कॉलनीत. कुणी एसटीत, कुणी पोस्टात, कुणी छापखान्यात, दोन-चार जण शाळेत शिक्षक. माझे वडील मल्हारी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. जुनी मॅट्रिक त्यांनी दुसऱ्या फेरीत काढलेली, तीही गणितात काठावर. आई, म्हणजे लताबाई, चौथी शिकलेली. पण घरातले सगळे निर्णय त्या चौथीवर व्यवस्थित चालायचे.

निकाल लागला त्याच्या पुढच्या रविवारी विहाराच्या सभागृहात माझा सत्कार ठेवला. माइक शेजारच्या भिकनकाकांच्या हातात. भिकनकाका एसटीत कंडक्टर. दिवसभर 'पुढे सरका, पुढे सरका' एवढंच बोलावं लागत असल्यामुळे माइक मिळाला की ते शेवटच्या स्टॉपपर्यंत थांबत नसत.

"आपली विशाखा आता सायन्सला जाणार," ते म्हणाले. "सायन्समध्ये दोन ग्रूप असतात. ए ग्रूप घेतला की इंजिनियर. बी ग्रूप घेतला की डॉक्टर. मग आपली विशाखा कुठला घेणार? मी सांगतो. दोन्ही!"

टाळ्या पडल्या. खरं म्हणजे घरात अजून काहीच ठरलेलं नव्हतं. अकरावी सायन्सला फिजिक्स आणि केमिस्ट्री सगळ्यांनाच असायचं. इंजिनियर व्हायचं असेल तर त्यासोबत गणित, डॉक्टर व्हायचं असेल तर बायोलॉजी. एकच ग्रूप घेणारी मुलं चौथा विषय म्हणून बहुतेक भूगोल घेत, आणि भूगोल घेतला हे शक्यतो कुणाला सांगत नसत. आण्णांना मी इंजिनियर व्हायला हवी होते, कारण त्यांच्या ऑफिसातला पंखा इंजिनियर साहेबांच्या डोक्यावर फिरायचा. आईला मी डॉक्टर व्हायला हवी होते, कारण सिव्हिल हॉस्पिटलात एका नर्सने तिला चारचौघांत झापलं होतं आणि त्या नर्सला झापणारं कुणीतरी घरात असावं असं तिला वाटत होतं.

"विशाखाताईंनी दोन शब्द बोलावेत," भिकनकाका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी ताई म्हटलं होतं. मी उठले, माइक धरला, आणि म्हणाले, "मी दोन्ही ग्रूप घेणार आहे. म्हणजे डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटल बांधायला बाहेरचा इंजिनियर बघायला नको."

या वेळच्या टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या. कॉलनीतल्या शकुमावशीने तर जागेवरून उठून माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली. त्या टाळ्यांचा हिशेब पुढे काय होणार हे मला त्या वेळी कळलं असतं, तर मी निर्मलेला हाताला धरून स्टेजवर आणलं असतं.

कॉलेज पंचवटीकडे होतं. प्रवेशाच्या वेळी विषय लिहून घ्यायला देवरे मॅडम बसल्या होत्या. बायोलॉजी शिकवायच्या. बागलाणातल्या, नामपूरच्या. बोलणं थेट, आवाज मोठा. माझे मार्क बघून त्या म्हणाल्या, "मराठी माध्यम ना? मग ऐक. पहिले सहा महिने इंग्रजीच अंगावर येतं. त्यात चारही शास्त्रं एकदम घेऊ नको. एक ग्रूप घे, जोडीला भूगोल घे. जरा श्वास घेता येईल."

"मॅडम, मला श्वासाचा काही त्रास नाही," मी म्हणाले.

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणाले तसं लिहून घेतलं. बाहेर आण्णा सायकल धरून उभे होते. त्यांना मी झालेलं बोलणं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला.

"असं सगळ्यांना सांगतात का फक्त तुला?"

"माहीत नाही."

आण्णा बराच वेळ सायकलची घंटी उगाच पुसत राहिले. ऑफिसात वीस वर्षं लोक त्यांना 'हे तुम्हाला झेपायचं नाही' असं निरनिराळ्या गोड शब्दांत सांगत आले होते. ते शब्द त्यांना लांबून ओळखू यायचे. "आपल्याच पोरीला भूगोल बरा सुचला बाईंना," ते म्हणाले. "बाबासाहेब किती विषय शिकले माहितीये? मोजायला बसलीस तर हातापायाची बोटं पुरायची नाहीत. तुला चार जड जातात व्हय?"

एवढ्यावर तो विषयांचा प्रश्न न राहता तत्त्वाचा प्रश्न झाला. मी चार शास्त्रं घेतली: एक आण्णांसाठी, एक आईसाठी, एक टाळ्यांसाठी आणि एक देवरे मॅडमना दाखवून द्यायला. मला स्वतःला काय हवं होतं हे विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तरी मी 'टाळ्या' असंच सांगितलं असतं.

कॉलेज सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या अकलेचा साठा उघडा पडला. शाळेत मी गतिज ऊर्जा, पेशी, बल असं सगळं घडाघडा म्हणायची. इथे सगळं इंग्रजीत. फिजिक्सच्या सरांनी 'मोमेंट' म्हटलं तेव्हा मला वाटलं ते क्षणभर थांबायला सांगताहेत, म्हणून मी लिहायची थांबले. 'सेल' या शब्दाने तर माझा छळ मांडला. फिजिक्समध्ये सेल म्हणजे टॉर्चमधला, बायोलॉजीत सेल म्हणजे पेशी, केमिस्ट्रीत सेल म्हणजे आणखी तिसरंच काहीतरी, ज्यात तारा बुडवलेल्या असत. संध्याकाळी मेनरोडवरून यावं तर तिथेही पाटी: सेल. तो मात्र साड्यांचा होता आणि दिवसभरातला तेवढाच मला पूर्ण समजलेला.

गणिताचे सर उजव्या हाताने लिहायचे आणि डाव्या हाताने पुसायचे. या दोन हातांच्या मध्ये जे काही फळ्यावर टिकायचं, तेवढंच माझ्या वाट्याचं गणित.

पण हे कॉलनीत कुणाला सांगणार? तिथे माझं नावच 'डबल ग्रूप' पडलं होतं. 'ती बघ डबल ग्रूप चालली.' मीही वह्या अशा धरायची की चारही विषयांची नावं दिसावीत. एका संध्याकाळी भिकनकाका त्यांचा रेडिओ घेऊन आले. खरखर येत होती. "ए ग्रूप पण आहे ना तुला? मग बघ की जरा." मी नाही म्हणायला हवं होतं. मी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. रेडिओ उघडला, आत फुंकर मारली, दोन-चार ठिकाणी गंभीरपणे बोट लावलं आणि परत जोडला. जोडल्यावर तीन स्क्रू उरले. "हे कंपनी जादाचे देते," मी काकांना सांगितलं. त्या दिवसापासून तो रेडिओ पाठीत दणका दिल्याशिवाय बोलेनासा झाला. काकांनी मला कधी दोष दिला नाही. उलट, 'आधी खरखर होती, आता बघा, चापट मारली की एकदम स्वच्छ' असं ते पाहुण्यांना दाखवायचे.

मग आली झुरळं. बायोलॉजीच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकाने जिवंत झुरळ आणायचं होतं. एक पुरलं असतं, पण मी डबल ग्रूपवाली. शकुमावशीच्या रेशनच्या डब्यामागून, गटाराच्या जाळीतून अशी बरीच जमवली, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि सकाळी द्वारकेला एसटीच्याच सिटी बसमध्ये चढले. बस खचाखच भरलेली. माझ्या शेजारी भागुबाई नावाची एक बाई, मांडीवर शेवंतीची पाटी घेऊन बसली होती. तिने बरणीकडे पाहून विचारलं, "खारीक हाय का गं पोरी?"

"अभ्यासाचं आहे," मी म्हणाले.

पुढे एक बैलगाडी आडवी आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, बरणी माझ्या हातात राहिली आणि फडकं भागुबाईच्या पाटीत गेलं. फडक्याच्या मागोमाग अभ्यासही गेला. त्या बसमध्ये नंतर जे झालं ते वर्णन करणं अवघड आहे. सीटवर उभं राहायला जागा नव्हती तरी सगळे सीटवर उभे होते. एक गृहस्थ पायजम्याची नाडी धरून नाचत होते. भागुबाई पाटी डोक्यावर घेऊन 'अगं आई गं, अगं आई गं' करत होती, आणि पाटीतून शेवंती आणि झुरळं मिळून खाली पडत होती.

कंडक्टरने ताडकन घंटी मारली. "कोणाचं सामान आहे हे?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले, गोदावरीकडे, जणू मी ती प्रथमच बघत होते. पण रिकामी बरणी हातातच होती. शिवाय तो कंडक्टर म्हणजे भिकनकाका निघाले. त्यांनी मला ओळखलं.  मग भरल्या बसमध्ये, माइक नसताना, तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "डबल ग्रूप, खाली उतर!"

मी उरलेली वाट चालत गेले. प्रात्यक्षिकाला मैत्रिणीचं झुरळ अर्धं वाटून घेतलं.

सप्टेंबरमध्ये चाचणी झाली. बायोलॉजीत बरी होते, फिजिक्स-केमिस्ट्रीत तरंगत होते, गणितात पंचवीसपैकी चार मिळाले. घरी सांगितलं. लपवण्याइतकीही हिंमत नव्हती. आईने विचारलं, "चार म्हणजे नापास का?" मी म्हणाले, "सर फार कडक आहेत." आण्णांनी पेपर मागून घेतला, उलटसुलट करून बघितला, परत दिला.

त्यानंतर आण्णा ऑफिसातून उशिरा यायला लागले. पाच वाजता सुटणारा माणूस दिवेलागण होऊन गेल्यावर यायचा. विचारलं तर 'काम होतं' एवढंच. कधी हातात कोथिंबिरीची जुडी असायची. आईने दोन आठवडे पाहिलं. मग एका संध्याकाळी त्यांचा शर्ट धुवायला घेतला, खिसा उलटा केला, आणि त्यातून झेंडूच्या पाकळ्या पडल्या.

आई ओसरीत आली. मूठ उघडून तिने त्या आण्णांपुढे धरल्या. "हे काय हाय?"

आण्णा गडबडले. "फुलं हायेत."

"ते मला बी दिसतंय. पंचवटीत जाता ना तुम्ही? मागच्या गल्लीतल्या शेवंताच्या नवऱ्यानं पाहिलं तुम्हाला त्या बाजूला, सायकलीवर. देवळात जाता?"

"अगं, काहीतरीच काय!"

"तुमच्या बापानं छप्पन साली घरातले देव पोत्यात घालून गंगेत सोडले. मी लग्न करून आले तेव्हा या घरात देवाचा एक टाक नव्हता. अन् तुम्ही पोरीला चार मार्क पडले म्हणून नवस बोलायला निघाले?" आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती चिडली की रडायची, त्यामुळे आणखी चिडायची.

आमच्या आणि भिकनकाकांच्या घरातली भिंत नावाला होती. काका बनियनवर आत आले. ते विहाराच्या कमिटीवर होते. "मल्हारीभाऊ," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "खरं काय ते सांगा. आपण मिटवू."

आण्णांनी आमच्या तिघांकडे पाहिलं. मग उठून सायकलच्या पिशवीतून लॉग टेबल काढलं. त्याखालून माझंच गणिताचं पुस्तक निघालं, जे मी दोन आठवडे हरवलं समजून आनंदात होते.

"त्रिकोणमिती शिकतोय," आण्णा म्हणाले.

 आण्णांनी सांगितलं ते असं: पंचवटीच्या पुढे मखमलाबाद रस्त्यावर कोंडाजी मास्तरांचा मळा होता. मास्तर रात्रशाळेत आण्णांना शिकवायला होते. आता रिटायर होऊन भाजी आणि फुलं करत होते. सकाळच्या बाजारासाठी संध्याकाळी मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचं आणि झेंडू निवडायचं काम चालायचं. आण्णा तिथे जाऊन बसायचे. हाताने जुड्या बांधायच्या, तोंडाने साइन-कॉस.

"फी घेत नाहीत मास्तर," आण्णा म्हणाले. "जुड्या बांधायला लावतात. पोरीला घरात दाखवणारं कुणी नाही, म्हणून अडतंय तिचं. मी शिकतो अन् तिला शिकवतो. त्यात काय एवढं?"

आई पदराने डोळे पुसत आत गेली आणि थोड्या वेळाने आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. काका म्हणाले, "मग आम्हाला सांगायचं तरी!" मला मात्र हसू आलं नाही. त्या दिवसापर्यंत मी मनातल्या मनात गणित सोडायची तयारी करत होते. आता सोडणार कसं? बाप माझ्यासाठी कोथिंबीर बांधत होता.

दुसऱ्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. आण्णा माझ्यापेक्षा फार पुढे होते असं नाही. ते माझ्याइतकेच अडायचे. फरक एवढाच की अडल्यावर माझा चेहरा पडायचा आणि त्यांचा उजळायचा. "थांब, थांब, सांगू नको," ते म्हणायचे, मला सांगता येत असल्यासारखं. एखाद्या गणिताच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या की ते मांडीवर थाप मारून आईला हाक मारायचे. आई पिठाच्या हाताने येऊन वहीकडे बघून 'बरं झालं' म्हणायची आणि परत जायची. मी तोवर पेंगलेली असायची. एकदा तर त्यांनी एक लांबलचक गणित सोडवून विचारलं, "कळलं?" आणि मी झोपेतच "मॅडम, बेडूक कापून झाला" असं उत्तर दिलं.

सकाळी गणित, दुपारी प्रात्यक्षिक, संध्याकाळी त्रिकोणमिती. ऑक्टोबरच्या उकाड्यात एका दुपारी, प्रयोगशाळेत बेडूक ताटात पिना लावून ठेवलेला असताना, मी टेबलावर डोकं टेकून गाढ झोपले. मुलींनी सांगितलं की मी घोरत होते. देवरे मॅडमनी मला उठवलं नाही. प्रात्यक्षिक संपल्यावर उठवलं आणि म्हणाल्या, "उद्या वडिलांना घेऊन ये."

आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, मनात भाषण जुळवून आले. मॅडमच्या टेबलासमोर बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"बाई, एक विचारू का? प्रवेशाच्या वेळी तुम्ही आमच्या पोरीलाच भूगोल घ्यायला का सांगितलं?"

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. प्रश्नाच्या मागचा प्रश्न त्यांना कळला असावा. त्या रागावल्या नाहीत.

"मल्हारीभाऊ, मराठी माध्यमातून आलेल्या प्रत्येकाला मी तेच सांगते. माझा सख्खा भाचा, गोरक्ष, याच वर्गात आहे. नामपूरहून माझ्याकडे शिकायला आलाय. त्यालाही सांगितलं. त्यानेही ऐकलं नाही. हिच्यासारखाच चारही घेऊन बसलाय. चाचणीत गणितात दोन मिळाले त्याला."

"पंचवीसपैकी?" आण्णांनी विचारलं.

"पंचवीसपैकी."

"आमच्या विशूला चार आहेत," आण्णा म्हणाले. आणि मग खुर्ची ओढून बसले.

मॅडमनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग माझ्याकडे वळल्या. "तू सांग. तुला नक्की काय हवंय?"

या प्रश्नावर पुस्तकातल्या मुली फार छान उत्तरं देतात. मीही एखादं द्यायला हवं होतं. संधीही चांगली होती. पण माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "झोप," मी म्हणाले.

नळाला पाणी आहे की नाही ते वाकून बघावं, तसं आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांखाली काळं झालेलं त्यांना त्या दिवशी बहुतेक पहिल्यांदा दिसलं. मॅडम म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत विषय बदलता येतो. एखादं शास्त्र कमी केलं म्हणून माणूस कमी होत नाही. पण ठरवा तुम्ही."

"बदलायचा तर कुठे सांगावं लागेल?" आण्णांनी विचारलं. आवाज साधा होता.

परतताना मी सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसले होते. नदीच्या पुलावर आण्णा जोर लावून पायडल मारत होते. मला वाटलं, आता बोलणार. मी तीन-चार माफ्या तयार ठेवल्या होत्या. पूल संपल्यावर ते मागे न बघता म्हणाले, "गणित सोडतेस ते सोड. पुस्तक विकू नको."

कॉलनीत बातमी सांगायची नामुष्की माझ्यावरच होती. मी एक भाषण तयार केलं, ज्यात 'एकाग्रता' हा शब्द तीनदा येत होता. त्याची गरज पडली नाही. भिकनकाकांनी अंगणात उभं राहून सगळ्यांना सांगून टाकलं, "डबल ग्रूपचा एक डबा सुटला, पण गाडी चालू आहे." दोन दिवस लोक हसले. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नात भांडण झालं आणि मला सगळे विसरले. मला विसरायला इतका कमी वेळ लागेल याचं मला जरा वाईटच वाटलं.

भूगोलाच्या तासाला मी पहिले पंधरा दिवस शेवटच्या बाकावर, ओढणीत तोंड लपवल्यासारखी बसले. शेजारी गोरक्ष येऊन बसला. त्यानेही गणित सोडलं होतं. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही. दोघेही आपापल्या घराण्याची अब्रू सांभाळत होतो. पण नकाशावरच्या समउंचीच्या रेषा बघताना मला एक दिवस कळलं, की तास संपल्याची घंटा झाली आणि मी उठले नाही. झोप लागली म्हणून नव्हे. बघत बसले होते म्हणून.

आण्णांचं मळ्यात जाणं मात्र थांबलं नाही. मला शिकवायचं निमित्त संपलं होतं, तरी ते जायचेच. आई म्हणायची, "आता कोणासाठी शिकता?" आण्णा म्हणायचे, "अर्ध्यात सोडवत नाही." १९८१ साली त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसायचं ठरवलं. सायन्स बाहेरून देता येत नव्हतं, प्रात्यक्षिकं असतात. म्हणून आर्ट्स घेतलं आणि त्यात गणित ठेवलं. त्यांच्या केंद्रावर मी त्यांना सोडायला गेले. पर्यवेक्षक म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबावं," आणि माझ्याकडे हात करून, "चल बाळ, आत जा." मी म्हणाले, "सर, परीक्षा यांची आहे. पालक मी आहे."

पहिल्या वेळी ते गणितात गेले. ऑफिसात बऱ्यापैकी चेष्टा झाली. दुसऱ्या वर्षी सदतीस मार्क पडले आणि त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले. साहेबांच्या टेबलावरही एक ठेवून आले. भिकनकाकांनी विहारात सत्कार ठेवायची घाई चालवली तेव्हा आण्णांनी हात जोडले. "सत्कार करा, पण पुढे मी कायकाय करणार ते माइकवर सांगू नका."

माझं म्हणाल तर मी बारावी ठीकठाक पास झाले. मेडिकलची यादी जिथे संपली, तिथून माझं नाव बघायला दुर्बीण लागली असती. आईला वाईट वाटलं. मी बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, आणि १९८५ साली देवरे मॅडमनी त्यांच्या गावच्या शाळेत जागा असल्याचं कळवलं. नामपूर. मी बॅग घेऊन कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून वाट काढत शाळेत पोचले. हेडमास्तर चिमाजी सर म्हणाले, "सायन्सची जागा आहे. पण गणिताचे सर बदलून गेलेत. तेव्हा आठवी-नववीचं गणितही तुम्हीच." मी त्यांना माझा इतिहास सांगणार होते. पण नोकरी हवी होती, आणि त्यांनी चहा मागवला होता.

पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर एक गणित सोडवलं आणि मागे वळले तर सुमन नावाची नववीतली मुलगी उभी. "मॅडम, हाई चुकनं शे ना!" अहिराणी मला येत नव्हती, पण एवढं कळलं. खरंच चुकलं होतं. मी पुसलं. मग पुन्हा चुकलं. वर्ग माझ्याकडे फार दयेने बघत होता. त्या शनिवारी मी दुपारच्या एसटीने नाशिकला गेले आणि आण्णांसमोर नववीचं पुस्तक ठेवलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "बस." आई आतून म्हणाली, "अरे देवा," आणि लगेच जीभ चावली.

बरेच शनिवार असे गेले. नंतर आण्णा रिटायर झाले आणि अधूनमधून नामपूरला माझ्याकडे येऊन राहू लागले. मुलं त्यांना 'मॅडमना बाबा', म्हणजे मॅडमचे वडील, म्हणायची आणि माझ्या पाठीमागे, मुलांना वाटायचं तेवढं पाठीमागे नाही, शंका त्यांनाच विचारायची. १९८८च्या सहामाहीनंतर ते असेच चार दिवस राहून सकाळच्या गाडीने परत गेले. मी त्यांना स्टँडवर सोडून आले आणि नववीचे पेपर तपासायला बसले. एका मुलाने पाच मार्कांचं गणित माझ्या रीतीने न सोडवता तीन ओळींत संपवलं होतं. उत्तर बरोबर. मी दोनदा करून बघितलं. मग त्याला पूर्ण मार्क दिले, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं तरी आधी दार लोटून घेऊन, ती रीत माझ्या वहीत उतरवून घेतली.